पोर्ट्रेटसाठी कॅमेरा आणि लेन्स घेताना: आधी खोली मोजा, मग दुकानात जा

कॅमेरा घ्यायचं ठरलं की बहुतेक जण बॉडीपासून, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यापासून, सुरुवात करतात. कंपनी कोणती, मेगापिक्सेल किती, फुल फ्रेम (फोटो टिपणारा सेन्सर मोठा असलेला कॅमेरा) परवडेल का, यात आठवडे जातात आणि मग उरलेल्या पैशांत जी बसेल ती लेन्स घेतली जाते. डोंगरदऱ्या टिपणाऱ्याचं यात फारसं बिघडत नाही. तुम्हाला माणसांचे चेहरे टिपायचे असतील तर मात्र हा क्रम उलटा लावा. माणसापासून तुम्ही किती अंतरावर उभे राहणार ते आधी ठरवा, त्यावरून लेन्स ठरेल, आणि लेन्सवरून बॉडी. पहिलाच कॅमेरा घेणाऱ्यांसाठी आणि किट लेन्सवर (कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या लेन्सवर) काही काळ काढून आता पुढे काय घ्यावं या विचारात असलेल्यांसाठी हा लेख आहे.

पायरी १: चेहरा लेन्समुळे बिघडत नाही, अंतरामुळे बिघडतो

मोबाइल अगदी जवळ धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं दिसतं, कपाळ पुढे येतं आणि कान मागे सरकतात. दोष लेन्सला दिला जातो, पण खरं कारण अंतर हे आहे. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटिमीटर धरू. कॅमेरा नाकापासून ४० सेंटिमीटरवर असेल तर कान ५२ सेंटिमीटरवर पडतो, म्हणजे कानाच्या मानाने नाक ३० टक्के मोठं उमटतं. तोच कॅमेरा १६० सेंटिमीटरवर न्या, फरक साडेसात टक्क्यांवर येतो. चेहरा ओळखीचा वाटू लागतो, कारण समोर बसून बोलताना आपण माणसाला साधारण इतक्याच अंतरावरून पाहत असतो.

उभं राहायची जागा तीच ठेवून लेन्स बदलली तर चेहऱ्याची ठेवण बदलत नाही. (लेन्सवरचा मिमीचा आकडा म्हणजे तिची फोकल लेंथ, तो जितका मोठा तितकं ती दृश्य जवळ आणते.) दीड मीटरवरून २४ मिमीच्या लेन्सने काढलेल्या फोटोतला चेहरा कापून मोठा केला आणि त्याच जागेवरून ८५ मिमीने काढलेल्या चेहऱ्याशेजारी ठेवला, तर नाक-डोळ्यांचं प्रमाण सारखंच दिसेल. पहिल्या फोटोत फक्त पिक्सेल फार कमी उरतील. म्हणून पोर्ट्रेट लेन्सचं पहिलं काम एवढंच की योग्य अंतरावर उभं राहून चौकट भरता यावी.

हे योग्य अंतर म्हणजे दीड ते अडीच मीटर, पाच ते आठ फूट. चार-पाच मीटरच्या पुढे गेलात की चेहरा सपाट होत जातो, आणि मला त्याहून जास्त खटकणारी गोष्ट म्हणजे बोलणं तुटतं. पोर्ट्रेट निम्मं तरी बोलण्यातून होतं. "आजी, नथ जरा सरळ करा हं" हे ओरडून सांगावं लागलं तर आजींच्या चेहऱ्यावरचा मोकळेपणा गेलाच समजा. २०० मिमीच्या लेन्सने बागेत काढलेले पोर्ट्रेट दिसायला सुरेख असतात, पण घरच्या माणसांसाठी मी ती लेन्स सुचवणार नाही.

पायरी २: टेप घ्या आणि जागा मोजा

तुम्ही फोटो कुठे काढणार आहात? घराच्या हॉलमध्ये, गच्चीवर, टेकडीवर, शेतात, की भाड्याच्या स्टुडिओत? जिथे सर्वांत जास्त काढणार ती जागा मोजा. मग हा साधा हिशेब करा: चौकटीत जेवढी उंची हवी तिला लेन्सच्या फोकल लेंथने गुणा आणि सेन्सरच्या लांब बाजूने भागा. उत्तर म्हणजे तुम्ही किती लांब उभं राहायला हवं. कॅमेरा उभा धरला आहे असं यात गृहीत आहे.

सेन्सरची लांब बाजू फुल फ्रेममध्ये ३६ मिमी असते. एपीएस-सी म्हणजे ज्याला आपण क्रॉप सेन्सर म्हणतो, तो निकॉन, सोनी आणि फुजीमध्ये साधारण २३.५ मिमी आणि कॅननमध्ये सुमारे २२.३ मिमी लांब असतो. मायक्रो फोर थर्ड्सचा १७.३ मिमी.

समजा डोक्यापासून खांद्यापर्यंत ६० सेंटिमीटर, कमरेपर्यंत ९० सेंटिमीटर आणि पूर्ण उभ्या माणसाला थोडी मोकळी जागा धरून २ मीटर. मग आकडे असे येतात:

क्रॉप सेन्सरवर ३५ मिमी: खांद्यापर्यंत ३ फूट, कमरेपर्यंत साडेचार फूट, पूर्ण उंची १० फूट.
क्रॉप सेन्सरवर ५० मिमी: खांद्यापर्यंत सव्वाचार फूट, कमरेपर्यंत सव्वासहा फूट, पूर्ण उंची १४ फूट.
क्रॉप सेन्सरवर ८५ मिमी: खांद्यापर्यंत ७ फूट, कमरेपर्यंत साडेदहा फूट, पूर्ण उंची २४ फूट.
फुल फ्रेमवर ५० मिमी: खांद्यापर्यंत पावणेतीन फूट, कमरेपर्यंत ४ फूट, पूर्ण उंची ९ फूट.
फुल फ्रेमवर ८५ मिमी: खांद्यापर्यंत साडेचार फूट, कमरेपर्यंत ७ फूट, पूर्ण उंची साडेपंधरा फूट.

आता हे आकडे १० बाय १२च्या खोलीत ठेवून पाहा. माणूस भिंतीला चिकटून उभा राहिला तर मागे सावली पडते आणि भिंतीवरचा प्रत्येक डाग फोटोत येतो, म्हणून त्याला भिंतीपासून तीन फूट तरी पुढे घ्यायला हवं. तुम्हाला आणि कॅमेऱ्याला दीड-दोन फूट लागतात. बारा फुटांतून हातात उरतात सात. या सात फुटांत क्रॉप सेन्सरवर ५० मिमीने कमरेपर्यंतचा फोटो आरामात बसतो. ८५ मिमी लावलीत तर फक्त खांद्यापर्यंत. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये क्रॉप बॉडीवर ८५ घेतलेली मंडळी ती बाहेर गेल्याशिवाय बॅगेतून काढत नाहीत, त्यामागे एवढंच गणित आहे.

३५ मिमीचा आकडाही नीट पाहा. खांद्यापर्यंतचा फोटो काढायला तीन फुटांवर जावं लागतं आणि तिथे नाक मोठं होऊ लागतं. म्हणजे क्रॉपवरची ३५ ही चेहऱ्याची लेन्स म्हणून घेऊ नका. माणूस आणि त्याची जागा एकत्र दाखवायची असेल, चाकावर बसलेला कुंभार, दुकानात गिऱ्हाईक करणारी मावशी, वारीत टाळ घेऊन उभे असलेले काका, तर तीच ३५ फार उपयोगी पडते.

किट लेन्स हातात असेल तर एक पैसाही खर्च न करता याची चाचणी घेता येते. १८-५५ची झूम रिंग ५० वर आणा आणि चिकटपट्टी लावून टाका. काही दिवस तशीच वापरा. मग पट्टी काढून ३५ वर लावा. कोणत्या आकड्यावर तुम्ही सारखे भिंतीला धडकता आणि कोणत्या आकड्यावर माणसाच्या अंगावर जावं लागतं, हे कोणताही रिव्ह्यू तुम्हाला सांगू शकणार नाही.

पायरी ३: अ‍ॅपर्चर किती मोठं हवं

इथे जरा सावकाश जाऊ, कारण सगळ्यांत जास्त पैसे इथेच वाया जातात.

अ‍ॅपर्चर म्हणजे प्रकाश आत घेणारं लेन्सचं छिद्र, एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं. किट लेन्स ५५ मिमीवर एफ ५.६च्या पुढे उघडत नाही. एफ १.८ची लेन्स त्याच्या साडेनऊ पटींहून जास्त प्रकाश आत घेते. संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात किट लेन्सला आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, ती वाढवली की फोटो खरखरीत होतो) ६४०० लागत असेल तर १.८ला साधारण ६४० पुरतो. कातडीचा पोत, डोळ्यांतली चमक, केसांच्या कडा, हे सगळं त्या फरकात वाचतं. पोर्ट्रेट लेन्सचा जन्मच या गरजेतून झाला. छायाचित्रणाच्या सुरुवातीच्या काळात माणसाला कित्येक मिनिटं हलू न देता बसवावं लागे. १८४० मध्ये व्हिएन्नातल्या योझेफ पेट्झवाल या गणितज्ञाने हिशेब मांडून सुमारे एफ ३.६ची लेन्स तयार केली, ती फोइग्टलेंडर कंपनीने बनवली, आणि माणसांचे फोटो काढणं एकदम आवाक्यात आलं. मागचं धूसर दिसणं लोकांना आवडतं हे खरं, पण पहिला फायदा आजही प्रकाशाचाच आहे.

मग १.४ किंवा १.२ आणखी चांगली नाही का? फोकसची खोली मोजून पाहा. फुल फ्रेमवर ८५ मिमी, एफ १.४, दीड मीटर अंतर: नीट दिसणारा पट्टा साधारण अडीच सेंटिमीटरचा. जवळच्या डोळ्यावर फोकस केला तर किंचित वळलेल्या चेहऱ्याचा दुसरा डोळा धूसर होतो. क्रॉप सेन्सरवर ५० मिमी, एफ १.८, सव्वाचार फुटांवरून पाच सेंटिमीटर मिळतात. तीच लेन्स एफ २.८वर नेली की साडेसात. नाकापासून कानापर्यंत १२ सेंटिमीटर आहेत हे लक्षात ठेवलं तर २.८ आणि ४ हे आकडे किती कामाचे आहेत ते कळतं. दोन माणसं शेजारी शेजारी असतील तर ४, तीन-चार जण पुढे-मागे असतील तर ५.६. म्हणजे १.२च्या लेन्ससाठी जे जादा पैसे मोजले जातात त्यांचा उपयोग नवशिक्याला क्वचितच होतो. १.८ घ्या. उरलेल्या पैशांचं काय करायचं ते पुढे येईलच.

मागचं धूसर करायचं असेल तर लेन्सपेक्षा माणूस आणि मागची भिंत यांतलं अंतर वाढवणं स्वस्त पडतं. माणसाच्या मागे वीस फूट मोकळी जागा असेल तर किट लेन्सच्या ५५ मिमी, एफ ५.६लाही मागची झाडं विरघळतात. मोबाइलचा पोर्ट्रेट मोड हेच काम गणिताने करतो, आणि साध्या चेहऱ्यावर बऱ्यापैकी करतो, पण मुंडावळ्यांचे मोती, नथीचा आकडा, फेट्याचा तुरा, चष्म्याची कड अशा ठिकाणी तो अजून चुकतो.

पायरी ४: आता लेन्स निवडा

क्रॉप सेन्सर आणि घरातलं काम असेल तर ५० मिमी एफ १.८. यावर फार चर्चा नको. (डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला जुन्या पद्धतीचा कॅमेरा, मिररलेस म्हणजे आरसा नसलेला.) कॅनन डीएसएलआरसाठी २०१५ मध्ये आलेली ईएफ ५० मिमी एफ १.८ एसटीएम, कॅनन मिररलेससाठी आरएफ ५० मिमी एफ १.८ एसटीएम, निकॉन डीएसएलआरसाठी एएफ-एस ५० मिमी एफ १.८जी. सोनीच्या क्रॉप बॉडीसाठी ई ५० मिमी एफ १.८ ओएसएस घ्या, तिच्यात स्थिरीकरण आहे, आणि ए६४००सारख्या बॉडीत ते नसल्यामुळे त्याची मदत होते. फुजीसाठी एक्सएफ ५० मिमी एफ २. मायक्रो फोर थर्ड्सवर ऑलिंपसची ४५ मिमी एफ १.८, ती फुल फ्रेमच्या ९० मिमीएवढी चौकट देते आणि खिशात मावते.

थोडे जास्त पैसे असतील आणि मिररलेस असेल तर सिग्माची ५६ मिमी एफ १.४. क्रॉप सेन्सरवर ती फुल फ्रेमच्या साधारण ८५ मिमीएवढी चौकट देते. १.४बद्दल मी वर जे म्हटलं ते इथे तितकं लागू होत नाही, कारण क्रॉप सेन्सरवर तिची फोकसची खोली फुल फ्रेमवरच्या ८५ मिमी एफ २.१एवढी येते.

फुल फ्रेम असेल आणि जागा असेल तर ८५ मिमी एफ १.८. सोनी, निकॉन दोघांकडेही ती आहे. कॅननच्या आरएफ माउंटवर (माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स बसवायची जोडणी) ८५ मिमी एफ २ मॅक्रो आयएस एसटीएम आहे, तिचा फोकस जरा सावकाश चालतो, पण बाळाचे हातपाय, मेंदीचे हात असे जवळचे फोटोही तिने निघतात.

लग्नकार्यात किंवा पळणाऱ्या मुलांमागे एकच प्राइम लेन्स (झूम न होणारी) घेऊन फिरणं अवघड आहे. तिथे एफ २.८ची झूम हवी. डीएसएलआरच्या क्रॉप बॉडीसाठी टॅमरॉन आणि सिग्मा या दोघांच्याही १७-५० मिमी एफ २.८ जुन्या बाजारात मिळतात. मिररलेससाठी सिग्माची १८-५० मिमी एफ २.८ फार लहान आणि हलकी आहे.

७०-३००, १८-२०० अशा लांब पल्ल्याच्या, कमी अ‍ॅपर्चरच्या झूम घ्यायला दुकानदार आग्रह करेल. पोर्ट्रेटसाठी घेऊ नका.

पायरी ५: माउंटचे सापळे

लेन्स आणि बॉडी एकमेकांना जुळतात का हे बिल होण्याआधी बघा. काही गोष्टी दुकानात कुणी आपणहून सांगत नाही.

निकॉनच्या डी३५००, डी५६००सारख्या बॉडीत फोकसची मोटर नाही. स्वस्तात मिळणारी जुनी एएफ ५० मिमी एफ १.८डी त्यांवर बसते, पण फोकस हातानेच करावा लागतो. लेन्सवर एएफ-एस लिहिलेलं आहे का ते पाहा. डी७२०० आणि डी७५० मध्ये मोटर आहे, तिथे ही जुनी लेन्स उत्तम चालते. पुढे निकॉनच्या झेड बॉडीवर गेलात तर एफटीझेड अ‍ॅडॉप्टरने एएफ-एस लेन्सचा ऑटोफोकस चालतो, त्या डी लेन्सचा नाही.

कॅननमध्ये चार नावं गोंधळात टाकतात: ईएफ, ईएफ-एस, ईएफ-एम आणि आरएफ. ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून आरएफ बॉडीवर पूर्ण ऑटोफोकससह चालतात, त्यामुळे आज ईएफ ५० घेतलीत तर ती पुढेही उपयोगी राहील. ईएफ-एम मात्र संपलेली वाट आहे. एम५० जुन्या बाजारात स्वस्त दिसेल, पण तिच्या लेन्स आरएफ बॉडीवर बसत नाहीत आणि ती मालिका कॅननने बंद केली आहे.

सोनीचं सोपं आहे, क्रॉप आणि फुल फ्रेम दोन्हींचं माउंट एकच. फक्त क्रॉपसाठीची लेन्स फुल फ्रेमवर लावली तर सेन्सरचा मधलाच भाग वापरला जातो, आणि ए७ थ्रीच्या २४ मेगापिक्सेलचे १० उरतात.

पायरी ६: बॉडी

बॉडीवर मी मुद्दाम शेवटी आलो. १२ बाय १८ इंचाचा फोटो भिंतीवर लावायचा तर ३०० डीपीआयला ३६०० गुणिले ५४००, म्हणजे साडेएकोणीस मेगापिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलची कोणतीही बॉडी ते देते, मग ती दहा वर्षांपूर्वीची का असेना. त्यामुळे मेगापिक्सेलचा मुद्दा बाजूला ठेवा.

खरा फरक डोळ्यावरच्या फोकसचा आहे. सोनी ए६४००, कॅनन आर५० आणि आर१०, निकॉन झेड५० अशा मिररलेस बॉडी डोळा स्वतः शोधतात आणि माणूस हलला तरी सोडत नाहीत. पाच सेंटिमीटरच्या पट्ट्यात डोळा बसवायचा असतो तेव्हा याची किंमत कळते. लहान मुलांसाठी तर मी मिररलेसच सुचवेन. कॅनन १५००डीमध्ये ९ आणि निकॉन डी३५००मध्ये ११ फोकस पॉइंट आहेत, तेही मध्यभागी गोळा झालेले. मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस करून मग कॅमेरा वळवला की फोकस डोळ्यावरून सरकतो. अशा बॉडीवर डोळ्याच्या सर्वांत जवळचा पॉइंट निवडायची सवय लावा. शांत बसलेल्या मोठ्या माणसांच्या बाबतीत हे सहज जमतं.

म्हणून पैसे कमी असतील तर जुनी डीएसएलआर बॉडी आणि नवी ५० एफ १.८ ही जोडी मला आजही योग्य वाटते. कॅनन आणि निकॉन यांनी २०२० नंतर एकही नवं डीएसएलआर मॉडेल आणलेलं नाही, बरेच हौशी लोक मिररलेसकडे जात आहेत, आणि त्यांच्या चांगल्या बॉडी बाजारात येत आहेत. निकॉन डी७५० किंवा कॅनन ६डीसारखी फुल फ्रेम बॉडीही अशी मिळते. पैसे पुरेसे असतील तर क्रॉप मिररलेस आणि ५० किंवा ५६. फुल फ्रेमने अंधारातला फोटो अधिक स्वच्छ येतो आणि धूसरपणा थोडा वाढतो, पण घरातली खोली मोठी होत नाही. त्यामुळे फुल फ्रेम बॉडी आणि किट लेन्स यांपेक्षा क्रॉप बॉडी आणि चांगली प्राइम ही जोडी चेहऱ्यासाठी कितीतरी सरस.

बॉडीतलं स्थिरीकरण तुमचा हात हलला तर वाचवतं, समोरचा माणूस हलला तर नाही. बोलणाऱ्या माणसाला १/१६० सेकंद तरी शटर स्पीड लागतो, खेळणाऱ्या मुलाला १/५००. सोनी झेडव्ही-ई१०सारख्या बॉडीला डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर नाही, दुपारच्या उन्हात तिच्या पडद्यावर काही दिसत नाही, हेही घेण्याआधी पारखून घ्या.

एक बारीक गोष्ट पोर्ट्रेट काढणाऱ्यांना फार महागात पडते. कॅनन १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू यांच्या वरच्या फ्लॅश लावायच्या जागेत मधला संपर्कबिंदूच नाही. दुसऱ्या कंपन्यांचे साधे, स्वस्त ट्रिगर (फ्लॅश दुरून पेटवणारी उपकरणं) त्यांवर चालत नाहीत. आर५०वरही जुना फ्लॅश लावायला वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. पुढे कधी फ्लॅश, छत्री, सॉफ्टबॉक्स वापरायचा विचार असेल तर ट्रिगर दुकानातच लावून बघा.

पायरी ७: उरलेले पैसे प्रकाशावर

१.२च्या ऐवजी १.८ घेऊन जे वाचले त्यांतून दुसरी लेन्स घेऊ नका. पाच रंगी घडीचा रिफ्लेक्टर घ्या, तो काही शेकड्यांत येतो. नसेल तर पांढरी चादर किंवा मोठी पांढरी कार्डशीट चालते. माणसाला खिडकीपासून तीन फुटांवर, खिडकीला खांदा करून बसवा आणि अंधाऱ्या बाजूला पांढरं काहीतरी धरा. ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर चेहऱ्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे रंग चढतात.

रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) फोटो काढायची सोय प्रत्येक बॉडीत असते, ती पहिल्या दिवसापासून वापरा. कॅमेऱ्याचं मीटर समोरच्या सगळ्याची सरासरी मध्यम करड्या रंगाला आणू पाहतं. पांढरंशुभ्र धोतर आणि टोपी घातलेल्या सावळ्या आजोबांचा चेहरा त्यामुळे काळवंडतो. एक्स्पोजर अधिक दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवलं की चेहरा उजळतो. आपल्याकडच्या कातडीचे रंग फार सुंदर आणि फार विविध आहेत, ते गोरे करायच्या नादात पुसून टाकू नका.

पायरी ८: जुनं घेताना

आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, आणि कोकण-मुंबईच्या दमट हवेत तर हमखास. जुनी लेन्स बघताना अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर लेन्स परत करा, कितीही स्वस्त असली तरी. धुळीचे दोन-चार कण चालतात. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल नको. फोकस जवळून लांब आणि लांबून जवळ दहा-बारा वेळा चालवा, अडखळता कामा नये.

बॉडीचं शटर किती वेळा चाललं ते विचारा. नवशिक्यांसाठीच्या बॉडीचं शटर साधारण एक लाखापर्यंतचं धरतात. निकॉनच्या फोटो फाइलमध्येच हा आकडा असतो, कॅननसाठी बहुधा वेगळं सॉफ्टवेअर लागतं. मग एफ १६ लावून मोकळ्या आकाशाचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतील.

मुंबईत असाल तर फोर्टातल्या बोरा बाजाराच्या परिसरात नव्या-जुन्या कॅमेऱ्यांची दुकानं एकमेकांजवळ आहेत, भाव विचारत फिरता येतं. तोच माल एका ठिकाणी फार स्वस्त असेल तर तो बहुधा बिल आणि भारतातल्या वॉरंटीशिवायचा असतो. बॉडीचा आणि लेन्सचा सीरियल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल घ्या. बिलाशिवाय घेऊन वाचलेले पैसे पुढे दुरुस्तीत जाऊ शकतात. घरी आणल्यावर सिलिका जेल टाकलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. आर्द्रता ४० ते ५० टक्के राहिली की बास. कापडी बॅगेत महिनोन्‌महिने ठेवू नका.

ठरत नसेल तर भाड्याने घ्या. मोठ्या शहरांत लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात, ओळखपत्र आणि अनामत रक्कम लागते. ५० आणि ८५ दोन्ही शनिवार-रविवार आणून तुमच्याच खोलीत, तुमच्याच माणसांवर वापरून पाहा.

पायरी ९: पहिल्याच आठवड्यात तपासा

नवी लेन्स आली की टेबलावर मोजपट्टी कॅमेऱ्यापासून दूर जाईल अशी ठेवा आणि तिच्या मध्यावर फोकसला धरता येईल असं एक उभं काडेपेटीचं खोकं ठेवा. कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर पट्टीकडे तिरका ठेवून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून खोक्यावर फोकस करा. पट्टीवरचा स्पष्ट भाग खोक्याच्या पुढे किंवा मागे सरकलेला दिसला तर लेन्स आणि बॉडी यांचं जुळत नाही. मिररलेसमध्ये हा प्रश्न सहसा येत नाही, कारण फोकस सेन्सरवरूनच मोजला जातो. डीएसएलआरमध्ये येतो. डी७२००, डी७५०, ६डी यांच्या मेनूत तो दुरुस्त करायची सोय आहे. १५००डी, डी३५००, डी५६०० यांच्यात नाही. तिथे व्ह्यूफाइंडरऐवजी लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून, फोकस करावा लागतो, किंवा लेन्स बदलून घ्यावी लागते. बदलून किती दिवसांत मिळेल हे पैसे देण्याआधी विचारा आणि ते बिलाच्या मागे लिहून घ्या.